धाकट्या जावयाची सायकल

दातवाले स्वभावाने मत्सरी नव्हते. निदान सगळ्यांच्या बाबतीत तरी नव्हते. शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली तेव्हा त्यांनी तिचं दार स्वतः उघडून, आत बसून, मनापासून मान डोलावली होती. वर्गमित्राला बंगला झाला तेव्हा आपणहून फोन केला होता. मत्सर ही मोजक्याच साठ्याची वस्तू आहे, ती वाटेल तिथे सांडून चालत नाही, असं त्यांच्या मनाने परस्पर ठरवलं असावं. कारण हा सगळा साठा त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. तो माणूस म्हणजे त्यांचा साडू.

दातवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या बनवत. गावातले निम्मे दंतवैद्य आपल्या रुग्णांच्या जबड्यांचे ठसे त्यांच्याकडे पाठवत, आणि दातवाले खिडकीपाशी मांडलेल्या लांब टेबलाशी बसून त्यावरून आधी मेणाचं आणि मग गुलाबी हिरडीचं असं एकेक हसू तयार करत. काम चोख. ठसा जरा वाकडा आला की ते डॉक्टरला फोन लावत. "डॉक्टर, तुमचा पेशंट लाजलाय. तोंड पुरतं उघडलेलं नाही त्याने. लाजलेल्या मापाची कवळी तोंडात वाजते, मग तो माझ्या नावाने बोंबलतो. परत बोलवा त्याला." हे सांगताना त्यांच्या आवाजाला एक धार येई. बाकी माणूस गोड.

सासरी ते थोरले जावई. लग्नानंतरची पहिली चार वर्षं ते एकमेव जावई होते, आणि तो काळ त्यांच्या आठवणीत अजूनही उन्हात वाळत घातलेल्या शुभ्र चादरीसारखा होता. सासूबाई त्यांच्या ताटाशी बसत. सासरे निवृत्त झाल्यावर काय करावं हे त्यांना विचारत, आणि ते सांगतील ते न करता का होईना, पण लक्ष देऊन ऐकत. मग धाकट्या मेहुणीने लग्न केलं.

साडू लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा हात धुताना त्याने स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ पाहिला, खिशातून काहीतरी काढलं आणि रुमालाला हात पुसत बाहेर येईपर्यंत नळ बंद झालेला होता. दातवाले तो नळ चार वर्षं ऐकत होते. त्यांना तो घराचा स्वभाव वाटत असे.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण कोणी बघायचं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

पुढे हे असंच चाललं. साडू जे करी ते त्याला सहज जमे, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला ते जमतंय याची त्याला खबर नसे. तो गर्विष्ठ असता तर दातवाल्यांचं आयुष्य सोपं झालं असतं. पण तो "दादा, दादा" करत मागेपुढे फिरे, त्यांनाच सल्ला विचारी, त्यांच्या विनोदांना सगळ्यांच्या आधी हसे. दिवसभर लिफ्टमधून वरखाली करूनही त्याचं पोट सपाट होतं. केसही अजून त्याच्याजवळच राहत होते.

सायकलीचं प्रकरण मात्र मूळ दातवाल्यांचं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे घरात ते कोणी लक्षात ठेवलं नाही. पन्नाशी दिसू लागल्यावर, दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा घासून मान आखडायला लागल्यावर, त्यांच्या मनात माउंटन बाइकने घर केलं. गावाबाहेरच्या टेकडीवर, जुन्या दगडखाणीच्या अंगाने झाडीतून उतरणाऱ्या पायवाटा होत्या. रविवारी तिथे मंडळी सायकली घेऊन जात. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती मजा. दातवाल्यांनी दोन वर्षं फोनवर वाचन केलं. पुढच्या चाकालाच सस्पेन्शन असलेली सायकल आणि दोन्ही चाकांना असलेली सायकल, यांत फरक काय, धक्के झेलणाऱ्या मागच्या शॉकमध्ये स्प्रिंग बरी की हवा, स्वस्तातल्या फुल सस्पेन्शनमध्ये कंपन्या नेमकी कुठे काटकसर करतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं. शेवटी त्यांनी एक सायकल हेरली. दोन्हीकडे सस्पेन्शन, मागे हवेचा शॉक, आणि तरीही परवडणारी. परवडणारी म्हणजे, घरात खरी किंमत सांगता येईल अशी.

ही सायकल हेरल्याचं त्यांनी एका रविवारी सासरच्या जेवणात सांगितलं. साडूने दोनचार प्रश्न विचारले. पुढच्या रविवारी तो ती सायकल घेऊन आला.

"दादा, तुमच्यामुळे हं! मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणजे चांगलीच असणार, म्हणून डोळे मिटून घेतली."

दातवाले दोन वर्षं डोळे उघडे ठेवून बसले होते. त्यांनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. ती जरा जोरात बसली.

"तुम्हीपण घ्या ना," साडू पाठ चोळत म्हणाला. "दोघं जाऊ. एकट्याला काय मजा?"

अशा रीतीने दातवाले आपल्याच कल्पनेच्या मागून, दुसऱ्या नंबरवर, सायकलीच्या दुकानात शिरले. बरोबर बायको होती, मेहुणी होती आणि साडूही होता, कारण त्याला त्याच्या सायकलीचा शॉक लावून घ्यायचा होता. दुकानातली मेकॅनिक म्हणजे एक उंच, कमी बोलणारी बाई, हातांना कोपरापर्यंत वंगण. साडूची राखाडी सायकल तिने भिंतीशी लावली होती आणि शेजारी दातवाल्यांची नवी केशरी. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच माप.

"मागच्या शॉकमध्ये हवा वजनाप्रमाणे भरायची असते," ती म्हणाली. "कमी पडली तर प्रत्येक खड्ड्याला शॉक तळ गाठतो. वजन?"

"बहात्तर," साडू म्हणाला. जसं कोणी किती वाजले सांगावं तसं.

तिने काटा असलेला छोटा पंप शॉकला लावला, हवा भरली, आणि दातवाल्यांकडे वळली. "तुमचं?"

मेहुणी पाहत होती. साडू पाहत होता, तेही अगदी आपुलकीने. दातवाल्यांनी पोट आत घेतलं, आणि ते आत असतानाच घाईघाईने उत्तर दिलं.

"पंच्याहत्तर."

बायकोने छताकडे पाहिलं. तिथे टायर टांगलेले होते. ते तिने बारकाईने पाहिले.

मेकॅनिकने एकदा दातवाल्यांच्या शर्टाच्या मधल्या बटणाकडे पाहिलं. ते बटण आपलं कर्तव्य जिवाच्या कराराने बजावत होतं. "कपड्यांसकट?" तिने विचारलं.

"कपड्यांसकट," दातवाले म्हणाले. एकदा उडी मारल्यावर अर्ध्यात थांबता येत नाही.

तिने खांदे उडवले आणि पंच्याहत्तर किलोच्या माणसाची हवा भरली. असा माणूस त्या दुकानात कोणी नव्हता, पण गिऱ्हाइकाशी वाद घालणं तिच्या कामात बसत नव्हतं.

पहिल्या रविवारी दोघं साडूच्या गाडीमागे सायकली बांधून टेकडीला गेले. चढ दोघांनी धापा टाकत चढला, तेवढ्यापुरता दोघांत बंधुभाव होता. मग उतार लागला. आधी मुळांचा पट्टा, जिथे झाडांची मुळं वाट अडवून आडवी पडलेली होती, आणि मग खाणीच्या कडेने दगडी टप्पे. त्या टप्प्यांना सगळे जिना म्हणत.

साडू जिन्यावरून गेला तो पाण्यावरून पान वाहत जावं तसा. राखाडी सायकल प्रत्येक टप्प्याला अंग चोरून, वाकून, पुन्हा उठून, जणू त्याची माफी मागत उतरली. त्याच्यामागून दातवाले निघाले. ठक्क. पहिल्याच टप्प्याला मागचा शॉक तळाला गेला आणि तो आवाज त्यांच्या मणक्यातून चढत थेट दाढांपर्यंत पोचला. ठक्क. ठक्क. खाली पोचेपर्यंत त्यांच्या तोंडातले सगळे दात त्यांना व्यवसायाच्या दृष्टीने धोक्यात आल्यासारखे वाटले.

"कसलं भारी ना, दादा!" खाली उभा असलेला साडू म्हणाला. "काही म्हणजे काही जाणवत नाही!"

"हो ना," दातवाले म्हणाले. जीभ जागेवर आहे का ते त्यांनी आधी पाहून घेतलं.

पुढचे रविवार असेच गेले. राखाडी सायकल तरंगे, केशरी आपटे. दातवाल्यांचा तर्क साधा होता. एकाच मॉडेलच्या दोन सायकली, एक चांगली आणि एक सदोष. आणि जगाची आजवरची रीत पाहता चांगली कोणाकडे गेली असणार, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. ते कामाच्या टेबलाशी बसले की राखाडी रंग डोळ्यांपुढे येई. गाडीला बांधलेल्या दोन सायकलींत त्यांची नजर पहिल्यांदा तिच्याकडेच जाई, आणि आपलं असूनही केशरी काहीतरी उगाच तिथे लोंबतंय असं वाटे. आयुष्यात आपण स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट निवडली, आणि तीही त्याच्याच अंगावर शोभावी, हे त्यांना आतून कुरतडत होतं. त्यांना शर्यत जिंकायची नव्हती. त्यांना फक्त एकदा तो जिना साडूच्या आधी, न आपटता, उतरायचा होता. बाकी नळ, केस, सासूबाई, सगळं त्याला माफ होतं.

ते सायकल घेऊन दुकानात गेले. मेकॅनिकने शॉक तपासला, दाबला, काटा लावला.

"दोष नाही. पंच्याहत्तरला जेवढी हवी तेवढी आहे." ती थांबली. "वजन तेच ना?"

हा मोका होता. दातवाल्यांनाही तो दिसला. पण त्या दिवशी पंच्याहत्तर सांगून आज वेगळं सांगायचं म्हणजे दोनदा वजन सांगण्यासारखं होतं, आणि त्यांना एकदाही जड जात होतं.

"तेच," ते म्हणाले.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाली?"

"सायकलच तशी आहे म्हणाली."

"अहो, पण ते वजनाचं..."

"वजनाचा काय संबंध?" दातवाले कडाडले. बायकोने मान हलवून वाटाणे सोलायला घेतले. सोळा वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं याचं माप तिला अचूक सापडलं होतं.

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत दातवाल्यांना मार्ग सुचला. रविवारी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी खाकरून सुरुवात केली.

"साडूभाऊ, एक बोलू? हा केशरी रंग माझ्या वयाला शोभत नाही हो. लोक बघतात. तुम्ही तरुण. तुम्हाला उठून दिसेल."

"बदलायच्या का?" साडू लगेच म्हणाला. "घ्या की! मला काय, दोन्ही सारख्याच. थांबा, सीट तुमच्या उंचीला लावून देतो."

अडवणूक नाही, प्रश्न नाही. दातवाल्यांनी रात्रभर तयार केलेले सहा मुद्दे वाया गेले. एखाद्याची प्रिय वस्तू चलाखीने काढून घ्यावी, आणि त्याने ती प्रिय नसल्यासारखी सोडून द्यावी, यासारखा अपमान नाही. तरी राखाडी मुठी हातात आल्या तेव्हा त्यांची छाती भरून आली. ते जिन्याच्या तोंडाशी पोचले, मागे एकदा केशरी सायकलीवरच्या साडूकडे पाहिलं, आणि सोडली.

ठक्क.

ठक्क. ठक्क. ठक्क.

मागून साडू आला. केशरी सायकल त्याच्याखाली पाण्यावरच्या पानासारखी वाहत आली.

परतीच्या वाटेवर दातवाले खिडकीबाहेर बघत बसले. गाडी चालवता चालवता मधूनच साडू दातवाल्यांकडे पाही आणि काहीतरी बोलायला तोंड उघडून मिटून घेई. ही दया आहे की आसुरी आनंद, हे दातवाल्यांना ठरवता येईना. त्यांनी आसुरी आनंद धरला.

पण पुढच्या रविवारी चमत्कार झाला. राखाडी सायकल कमी आपटली. त्यापुढच्या रविवारी आणखी कमी. मुळांच्या पट्ट्यावर तर ती आता गोंजारल्यासारखी जाई. जिन्यावर शेवटच्या दोन मोठ्या टप्प्यांना काय तो एक ठेका उरला होता. दातवाल्यांनी यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला की चांगल्या वस्तूला नवा मालक ओळखायला वेळ लागतो. कवळीचंही तसंच असतं. सुरुवातीला परकी वाटते, मग रुळते.

सासरच्या जेवणात त्यांनी हे तत्त्वज्ञान मोकळ्या मनाने वाटलं.

"तसा दोन सायकलींत फरक होता," ते भाताचा ढीग सपाट करत म्हणाले. "सगळ्यांना तो दिसत नाही. नजर लागते त्याला. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, की ही राखाडी म्हणजे वेगळंच पाणी आहे. साडूभाऊंना म्हटलं, बदलू या. बिचारे लगेच हो म्हणाले."

"म्हणजे दादांनी तुम्हाला उल्लू बनवलं!" मेहुणी नवऱ्याला म्हणाली.

"बनवलं खरं," साडू हसत म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "दादा, पाणी घ्या."

सासूबाई म्हणाल्या, "आमचे थोरले जावई पहिल्यापासूनच हुशार हो." बारा वर्षांनी हे वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं होतं. दातवाल्यांनी आणखी एकदा भात वाढून घेतला.

त्यानंतरच्या रविवारी पायथ्याशी गाडी लागली. रिवाजाप्रमाणे साडू सायकली उतरवायला लागला आणि दातवाले कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या आणायला निघाले. अर्ध्या वाटेत खिसा चाचपला तर पाकीट गाडीत. ते परत फिरले, गाडीला वळसा घालून आले, आणि जागच्या जागी थांबले.

साडू राखाडी सायकलीशी उकिडवा बसला होता. मागच्या शॉकला छोटा पंप लावलेला होता. तो एक नजर दुकानाच्या दिशेने टाकत होता आणि एक काट्यावर.

दातवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हवा काढतोय! सासूबाईंचं वाक्य जिव्हारी लागलं लेकाच्या. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आज आला होता: साडू वाईट निघाला होता. त्यांना इतका आनंद झाला की ओरडताना आवाज फाटला.

"काय चाललंय हे?"

साडू दचकून उठला. पंप हातातून पडता पडता राहिला. चेहरा चोरी पकडल्यासारखा लाल.

"काही नाही, दादा. जरा हवा..."

"काढताय!"

"नाही हो. भरतोय."

दातवाल्यांचं तोंड उघडं राहिलं. डॉक्टरांना ठसा घ्यायला हवं असतं तेवढं.

"कधीपासून?"

"सायकली बदलल्यापासून." साडू पंपाची नळी गुंडाळायला लागला. "त्या दिवशी तुमची चालवली ना, तेव्हा कळलं. माझ्यात होती जवळजवळ तेवढीच हवा. मला पुरते, पण तुम्हाला... म्हणजे... कशी पुरेल? दुकानात काहीतरी गडबड झाली असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं म्हणजे वजनाचा विषय निघाला असता." तो टायरकडे पाहत होता. "आणि एकदम भरली असती तर तुमच्या लक्षात आलं असतं. म्हणून दर रविवारी थोडी थोडी. पंप मी त्याच आठवड्यात आणला."

दातवाले गाडीच्या बॉनेटला टेकले. दुकानात काहीच गडबड झाली नव्हती, हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनाही माहीत आहे हेही दोघांना माहीत होतं. भाताचा तो ढीग त्यांना आठवला. नजर लागते त्याला. वेगळंच पाणी. आणि तेव्हा समोर बसून हा माणूस पाण्याचा तांब्या सरकवत होता.

यावर राग काढायचा तरी कसा? गेल्या बारा वर्षांत साडूच्या प्रत्येक गुणाला त्यांनी मनात एक खोट शोधून ठेवली होती. इथे हात घालायला फटच नव्हती.

"आत्ता कितीची भरलीत?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी धरलंय," साडू चाचरत म्हणाला. "जास्त वाटतं का? कमी करू?"

दातवाल्यांनी झाडीकडे पाहिलं. आजवर किती डॉक्टरांना त्यांनी फोनवरून झापलं होतं. लाजलेलं माप पाठवू नका म्हणून. शर्टाचं मधलं बटण त्यांनी आपणच सोडलं.

"ब्याण्णव," ते म्हणाले.

"काय?"

"ब्याण्णव. परवाच मोजलं. कपड्यांशिवाय."

साडूच्या चेहऱ्यावर आश्चर्य यायला हवं होतं. ते आलं नाही. तिथे आली ती फक्त एखादं अडलेलं गणित सुटल्याची मोकळीक. "तरीच!" तो म्हणाला. "तरीच शेवटच्या दोन टप्प्यांना अजून ठेका देते. मी म्हणतोय, कुठे चुकतंय!" आणि लगेच उकिडवा बसून त्याने पंप लावला. "दादा, बसा बरं सीटवर. नीट, सगळं वजन टाकून. पोट आत नका घेऊ."

दातवाले भर सकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, सीटवर सगळं वजन टाकून बसले. साडू काटा बघत भरत राहिला.

"घरी सांगू नका हं," दातवाले वरून म्हणाले.

"छे! काय सांगायचंय? सायकली बदलल्या तेवढंच."

चढ चढून ते जिन्याच्या तोंडाशी आले. "दादा, आज तुम्ही पुढे," साडू म्हणाला. दातवाल्यांनी ब्रेक सोडले. पहिला टप्पा आला आणि गेला. दुसरा गेला. राखाडी सायकल वाकली, उठली, पुन्हा वाकली. शेवटचे दोन मोठे टप्पे आले आणि ठक्क झालंच नाही. खाली सपाटीला लागल्यावर त्यांच्या तोंडून नकळत एक "हाः!" निघाला, तो खाणीच्या भिंतीवर आपटून परत आला. साडूच्या आधी. न आपटता.

त्यांनी धापा टाकत मागे वळून पाहिलं. केशरी सायकल अजून जिन्याच्या मध्यावर होती. एरवी पानासारखा वाहत येणारा माणूस आज प्रत्येक टप्प्यावर बेताने थबकत होता, ब्रेक दाबल्याचं कळू नये इतक्या हलक्या हाताने ब्रेक दाबत होता, आणि दमल्यासारखं तोंडही करत होता.

दातवाले टक लावून पाहत राहिले.

मागे राहणंसुद्धा लेकाला किती सहज जमत होतं.